पाचवा आठवडा

धुण्याच्या रविवारी कारखान्यात कुणी रिकाम्या हातानं बसायचं नाही, हा नियम आजीनं घालून दिला होता. आजी जाऊन तीस वर्षं झाली तरी तो मोडायची कुणाची छाती नव्हती. नाटकांचा हंगाम संपला की भाड्यानं गेलेले केसांचे टोप परत यायचे. राजांचे, म्हाताऱ्यांचे, विदूषकांचे, नायिकांचे; सगळे घामानं आणि रंगानं चिकटलेले. मग एका रविवारी घरातली झाडून सगळी माणसं जिना उतरून खाली यायची, बाह्या वर करायची आणि ते साठ-सत्तर टोप कोमट पाण्यातून काढून, विंचरून, लाकडी मुंडक्यांवर चढवून ठेवायची. वर्षभर एकमेकांशी धुसफुसणारी माणसंही त्या दिवशी एकाच टबात हात घालायची.

यंदाही सगळे आले होते. अप्पा लांब टेबलाच्या टोकाला बसून विंचरलेला प्रत्येक टोप उलटा करून जाळी तपासत होते. वय अठ्ठ्याहत्तर, आणि डोक्यावर पांढरे, दाट, हट्टी केस. टोप बांधणाऱ्याच्या डोक्यावर असलं रान म्हणजे धंद्याची बदनामी, असं मामा म्हणायचा. मामा, म्हणजे अप्पांचा मेहुणा, निवृत्त कवायत-मास्तर, दरवर्षी यायचा तो टोप धुवायला कमी आणि बोलणी खायला जास्त. त्याचं डोकं आरशासारखं. त्याच्या वडिलांचंही तसंच होतं. अप्पांच्या मुलाचे, धाकट्याचे, केस तिशीतच गेले तेव्हा घरानं एका मिनिटात निकाल दिला होता: आईच्या माहेरचं आलं. तेव्हापासून मामा या घरात आरोपी होता आणि आई गेल्यावर तर त्याचा वकीलही उरला नव्हता.

धाकट्यानं मात्र टकलाचं सोनं केलं होतं. तो पुढचं दुकान बघायचा, गिऱ्हाईक आलं की स्वतःच्या डोक्यावर तीन टोप आळीपाळीनं चढवून दाखवायचा, आणि हसत हसत विकायचा. पुरुषाचं टक्कल या घरात चहाबरोबर चघळायचा विषय होता.

थोरली खिडकीजवळच्या आपल्या स्टुलावर होती. ती धाकट्याची बहीण, शेहेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. जाळीवर एकेक केस आकडीनं ओढून गाठ मारण्यात तिचा हात धरणारं आता अप्पांशिवाय कुणी नव्हतं. ती एका नायिकेचा लांब टोप हळूहळू सोडवत होती आणि मनात एकच घोकत होती, की आजचा दिवस नेहमीसारखा जावा.

तो तसा जाणार नव्हता हे तिला सकाळीच कळलं होतं. तिची भाची, धाकट्याची मुलगी ठकी, सुट्टीला घरी आली होती आणि जिन्यावर आई-लेकींचा आवाज चढला होता. ठकी हे काही खरं नाव नव्हे. लहानपणी लाकडी मुंडक्यांना बाहुल्या समजून खेळायची म्हणून मामानं ठेवलेलं. आता ती एकवीस वर्षांची होती आणि शिकायला दुसऱ्या गावी राहत होती. सकाळपासून ती तोंड बंद करून टब बदलत होती.

चहाची भांडी आली तशी भावजयीनं, ठकीच्या आईनं, हात पुसले, कपाटातून एक दुमडलेला पांढरा कागद आणला आणि टेबलावर उघडला.

"हे जरा सगळ्यांनी बघा," ती म्हणाली.

कागदावर केसांच्या सहा बारीक जुड्या होत्या. प्रत्येक जुडी लाल दोऱ्यानं बांधलेली, प्रत्येकीला चिठ्ठी. कारखान्यात आलेला केस जसा मोजून, लांबीनं लावून ठेवतात तशाच.

"आई, काय हे," ठकी म्हणाली.

"तुझेच आहेत. सोमवारचे ब्याण्णव. बुधवारचे एकशे चाळीस. कालचे एकशे ब्याऐंशी. उशीवरचे, कंगव्यातले, न्हाणीतले. एकही सोडला नाही मी." भावजयीचा आवाज मोजताना खंबीर होता, पुढे तो हलला. "हिनं तिकडे कुठल्याशा डॉक्टरला दाखवलं. भांग रुंद होतोय म्हणून. आम्हाला सांगायचंसुद्धा नाही. त्यांनी डोक्याला लावायचं औषध दिलं, आणि पाच आठवडे लावल्यावर ही दशा. ती बाटली मी काल बेसिनमध्ये ओतली."

थोरलीचा हात थांबला. आकडी तिच्या बोटात तशीच राहिली.

"मला न विचारता ओतलीस," ठकी म्हणाली. "डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पहिल्या दोन महिन्यांत जास्त गळतील. नवा केस खालून यायला लागला की जुने, मरगळलेले आधी पडतात. थांबायचं असतं, आई. चार महिने, सहा महिने."

"कुठे आहे नवा केस? दाखव मला."

आता इथे एक सांगायला हवं. दुसऱ्या कुठल्याही घरात आईनं लेकीचे गळलेले केस असे मोजले नसते, आणि मोजले असते तरी आकड्याला इतकी भ्याली नसती. पण या घरात केस उगवत नसत. केस यायचे, पेटीतून, कागदात गुंडाळून, कुणाच्या तरी डोक्यावरून उतरून. त्यातला एक तुटला की एक कमी झाला. तीन पिढ्या केसांत काढलेल्या या माणसांना केस वाढतो हे ऐकून माहीत होतं, पण त्याची वाट बघायची सवय एकालाही नव्हती.

"कारण काय म्हणाले डॉक्टर?" मामानं विचारलं. "नाही, माझं नाव घेतलं का, एवढंच विचारतो."

धाकटा हसला. ठकीलाही नाइलाजानं थोडं हसू आलं.

"नाही घेतलं, मामाआजोबा. आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं. एकच गोष्ट नसते, पुष्कळ असतात, दोन्हीकडून थोडं थोडं करून जमतं. तेलानं होत नाही, पाण्यानं होत नाही, टोपी घालून तर नाहीच. शरीरातल्या एका संप्रेरकापुढे काही मुळं नाजूक असतात. मग मूळ दर खेपेला जरा लहान होतं. केस येतो, पण आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा आखूड. होता होता नुसती लव उरते. पुरुषांचं पुढून आणि टाळूवरून जातं, बायकांचा भांग पसरत जातो. बायकांचं सगळं अजून कळलेलंही नाही, असं त्या डॉक्टर म्हणाल्या. पण लवकर सुरू केलं तर आहेत ते टिकतात."

अप्पांनी इतका वेळ मान वर केली नव्हती. त्यांनी कालच्या जुडीतून चार केस ओढले, अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवले, डोळे मिटून.

"एका डोक्याचे केस आहेत," ते म्हणाले, "पण तीन जाडीचे. हे पाच आठवड्यांत होत नाही. ही पोर बरोबर बोलतेय."

"पंधरा वर्षं," मामा म्हणाला. तो कुणाशी बोलत नव्हता. "पंधरा वर्षं मी या घरात खाली मान घालून चहा प्यालो."

"मामा, तुमची माफी मागतो, पण आत्ता नाही," धाकटा म्हणाला. त्यानं ओले हात डोक्यावरून फिरवले. "हे बघ ठके, मी सगळं करून बसलोय. कांद्याचा रस लावला, स्वतःला उलटं टांगून घेतलं, गोळ्याही खाल्ल्या वर्षभर, मग कंटाळून सोडल्या. काही हाती लागलं नाही. आपल्या घरात कशाला ही भानगड? तुझ्या आत्यासारखा हात सगळ्या शहरात नाही. ती तुला अर्धा टोप बांधून देईल, चार बारीक चापांवर बसणारा. तुझ्या मैत्रिणींच्या बापाला कळणार नाही. काय, ताई? किती दिवस लागतील?"

"अकरा," थोरली म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

"बघ. अकरा दिवस. आणि तुझी ती बाटली जन्मभर लावायची."

"मला टोप नकोय," ठकी म्हणाली.

"मग काय, माझ्यासारखी होणार आहेस?" धाकट्यानं गमतीत म्हटलं, पण गंमत कुणालाच झाली नाही, त्यालाही नाही.

भावजय रडवेली झाली होती. "वडिलांवर गेलीस, दुसरं काय. तेवढं आत्यावर जायचंस. बघ त्यांचे केस, या वयात. रोज सकाळी त्यांची वेणी बघते आणि मला वाटतं, देणाऱ्यानं या घरातल्या सगळ्यांचं एकीलाच दिलं."

ठकीनं आत्याकडे पाहिलं. लहानपणापासून कुठलंही भांडण निकालाला आलं की ती असंच पाहायची. "आत्या, तू सांग. तू सांगशील ते मी करीन. थांबवू का औषध?"

सगळे थोरलीकडे वळले.

नऊ वर्षांपूर्वी तिनंही विचारलं होतं, पण विचारायला माणूस नव्हतं म्हणून स्वतःलाच. सदतिसाव्या वर्षी एकदा खिडकीच्या उन्हात आरसा धरला तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना कातडी दिसली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेली, धंदा शिवणकामाचा सांगितला, बाटली आणली आणि कुलपात ठेवली. पाचव्या आठवड्यात तिनं गळलेले केस मोजले. एकशे साठ. त्याच संध्याकाळी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून लांबच्या कचरापेटीत टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत, दाराला कडी लावून, स्वतःसाठी जाळी कापायला बसली. अकरा दिवस लागले.

टोप अप्रतिम झाला. तो इतका चांगला झाला नसता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कैकदा वाटलं. रस्त्यातून चाललेल्या माणसाचा टोप पन्नास पावलांवरून ओळखणारं हे घर, पण तिच्या डोक्यावरचा कुणाला दिसला नाही. मग ती कधी कुणाकडे राहायला गेली नाही, कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही, आई आजारी असताना तिच्या कुशीत डोकं ठेवायची फार इच्छा झाली तेव्हाही नाही. थिएटरातला दिवे लावणारा एक शांत माणूस दोन वर्षं टोप पोचवायच्या निमित्तानं येत राहिला आणि एके दिवशी त्यानं सरळ विचारलं. ती म्हणाली, मला जमणार नाही. काय जमणार नाही, असं त्यानं विचारलं. त्याचं उत्तर रोज उशाशी काढून ठेवायच्या वस्तूत होतं. ते तिला देता आलं नाही. त्याचं पुढे लग्न झालं. अजूनही भेटला की तो अदबीनं नमस्कार करायचा आणि तिला दिवसभर जेवण जायचं नाही.

"आत्या?" ठकी म्हणाली.

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. अकरा दिवस, चार चाप, आणि ठकी पुढची पंचवीस वर्षं आरशाकडे पाठ करून वेणी घालायला शिकली असती. थोरलीनं आकडी टेबलावर ठेवली. दोन्ही हात डोक्याकडे नेले. पहिला चाप, दुसरा चाप. तिसरा, मग चौथा.

"औषध थांबवू नकोस," ती म्हणाली आणि अर्धा टोप काढून समोर ठेवला.

खिडकीतलं ऊन थेट तिच्या टाळूवर येत होतं आणि तिला ते ऊन जाणवत होतं, नऊ वर्षांत पहिल्यांदा माणसांसमोर.

"मी पाचव्या आठवड्यात थांबवलं," ती म्हणाली. "एकशे साठ मोजले आणि घाबरले. सहाव्यात काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण ते मला कधीच कळणार नाही, आणि हे असं न कळणं फार वाईट असतं. तू थांब. सहा महिने थांब, आणि मग बघ."

भावजयीनं तोंडावर हात धरला. "ताई, मी रोज बघत होते. मी आत्ता काय बोलून बसले."

"तू चांगलंच बोललीस. माझ्या कामाची तारीफ केलीस." थोरलीला हसायचं होतं, जमलं नाही.

धाकटा उठून तिच्याजवळ आला आणि काय करावं न सुचून तिच्या खांद्यापाशी उभा राहिला. मामानं चष्मा काढला आणि उगीचच पुसत बसला.

अप्पा टोपाकडे बघत होते, तिच्याकडे नाही. त्यांनी तो उचलला, नेहमीच्या सवयीनं उलटा केला, भांगाच्या जागेवरून अंगठा फिरवला.

"भांगाला दुहेरी गाठ मारतेस तू," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय कुणी मारत नाही. पहिल्याच आठवड्यात ओळखली होती मी."

थोरलीला आधी नीट ऐकू आलंच नाही असं वाटलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या पेटीतला केस कमी व्हायला लागला. तो तुझ्या रंगाचा. मी संपू दिला नाही कधी. तू दर वर्षी नवा बांधायचीस, मी दर वर्षी मागवून ठेवायचो. दोन वर्षांपूर्वी वाटलं, आता सगळा काळा शोभायचा नाही, म्हणून त्यात पांढरे मिसळले. थोडेच. शंभराला चार."

तिला आठवलं. जुडीत आपोआप पांढरे आले म्हणून तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं होतं. ती पेटी उघडताना नऊ वर्षं ती मागे वळून बघत आली होती, आपल्याच बापाच्या मालाची चोरी करतोय म्हणून.

"आणि बोलला नाहीत."

"तुला लाज वाटू नये म्हणून."

"लाज मला वाटतच होती, अप्पा. एकटीला वाटत होती, म्हणून तर एवढी वाटत होती." तिचा आवाज चढला नाही, पण टेबलाच्या त्या टोकापर्यंत स्पष्ट गेला. "तेव्हा एक शब्द बोलला असतात तर मी पुन्हा डॉक्टरकडे गेले असते. तेव्हा वाचवण्यासारखे होते. तुम्ही मला केस देत राहिलात, आणि माझे जात राहिले."

अप्पांनी टोप खाली ठेवला. त्यांचा चेहरा आक्रसला होता.

"मला तेवढंच येत होतं," ते म्हणाले. "आईसाठीही मी तेच केलं."

"कुठल्या आईसाठी?" धाकट्यानं विचारलं.

"माझ्या. तुमच्या आजीसाठी. पुढच्या दुकानात काचेत ठेवलेला तो टोप तू गिऱ्हाइकांना राणीचा म्हणून दाखवतोस. आजीनं पहिला बांधलेला, नाटक कंपनीतल्या राणीसाठी. राणी-बिणी कुणी नव्हती. तो तिनं स्वतःला बांधला. पस्तिशीत तिचे केस गेले, कुठं विकत मिळेना, म्हणून जाळी शिकली. मग नाटकवाल्यांनी बघितला आणि धंदा झाला. मी बारा वर्षांचा असल्यापासून तिला केस निवडून द्यायचो. ती काही म्हणायची नाही, मीही नाही. मरेपर्यंत मी तिचं डोकं पाहिलं नाही."

धाकट्यानं दुकानातल्या काचेच्या दिशेनं मान वळवली.

"म्हणजे तुमच्या बाजूचंसुद्धा आहे," मामा हळूच म्हणाला. पण जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता, आणि पुढे तो या विषयावर कधी बोलला नाही.

त्या दिवशी उरलेले टोप धुतले गेले, कारण नियम होता. थोरलीनं अर्धा टोप परत घातला नाही. संध्याकाळपर्यंत ती तशीच खिडकीजवळ बसून काम करत राहिली. सगळे तिच्याशी फार जपून बोलत होते, कुणी चहा आणून देत होतं, कुणी पंखा कमी करत होतं. उघडं पडल्यावर एकटेपणा जाईल असं तिला वाटलं होतं. तो गेला नाही, फक्त आता सगळ्यांना दिसत होता. अप्पांशी ती बोलली नाही.

मंगळवारी ती आणि ठकी एका डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी ठकीला नवी बाटली लिहून दिली, लोह आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं, आणि सहा महिने मोजायचं काम बंद, असं बजावलं. मग थोरलीला खुर्चीत बसवून दिव्याच्या भिंगातून तिची टाळू इंच इंच पाहिली.

"घरात बायकांमध्ये आणखी कुणाला?"

"माझ्या आजीला. वडिलांच्या आईला."

"आणि तुमच्या आईला?"

आईचे केस थोरलीनं नेहमी बांधलेलेच पाहिले होते. ते तिचे होते की तिसऱ्या, चौथ्या कुठल्या पेटीतले, ते तिला सांगता येईना. "माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग भिंग बाजूला ठेवून सरळच सांगितलं, "पुढचा भाग फारसा परत येणार नाही. मी खोटी आशा दाखवत नाही. पण टाळूच्या कडेनं बारीक केस अजून जिवंत आहेत. ते टिकतील, काही जाड होतील. रोज लावायचं, न चुकता. सोडलंत की मिळवलेलं जातं. आणि हे थेट कातडीवर लागलं पाहिजे, केसांवर नाही. मागे स्वतःला दिसत नाही. घरी लावून द्यायला कुणी आहे?"

"मी आहे," ठकी म्हणाली.

पण ठकी गुरुवारी सकाळच्या गाडीनं गेली. जाताना तिनं आत्याला मिठी मारली आणि गाल तिच्या उघड्या डोक्याला टेकवला. थोरली दचकली, मग तशीच उभी राहिली. भावजयीनं बाटली लेकीच्या पिशवीत स्वतः ठेवली, दोन रुमालांत गुंडाळून.

वर आपल्या खोलीत येऊन थोरलीनं स्वतःसाठी आणलेली बाटली उघडली आणि दोन आरसे समोरासमोर धरून पाहिले. थेंब कपाळावर ओघळला, दुसरा मानेवरून आत गेला. तिसऱ्यांदा तिनं नुसतेच केस भिजवले. भावजयीला हाक मारता आली असती, ती धावत आली असती आणि रडली असती. ते थोरलीला नको होतं. बाटली हातात घेऊन ती पलंगावर बसून राहिली. मग उठली आणि जिना उतरली.

कारखान्यात अजून कुणी आलं नव्हतं. अप्पा एकटेच होते, एका म्हाताऱ्या राजाच्या टोपाची जाळी सांधत. रविवारपासून दोघांत कामापुरतेही चार शब्द झाले नव्हते. तिनं बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

अप्पांनी चष्मा लावून चिठ्ठी पूर्ण वाचली, बारीक अक्षरांसकट. मग उठून हात साबणानं धुतले, पुसले, शेपटीचा कंगवा घेतला.

"बस," ते म्हणाले.

ती स्टुलावर बसली. त्यांची बोटं डोक्याला लागली आणि तिला कळलं की तिला अजून राग आहे. तो जायला फार दिवस लागणार होते. तरी ती हलली नाही. अप्पांनी कंगव्याच्या टोकानं एक भांग पाडला, थांबले, एक थेंब सोडला, बोटानं पसरला. मग शेजारी दुसरा भांग. जन्मभर लाकडी मुंडक्यांवर झपाझप चाललेले हात प्रत्येक भांगाशी थांबत होते.

"दुखतं का?"

"नाही. गार लागतं."

"किती दिवस हे?"

"सहा महिने तरी काही कळत नाही. आणि पुढे सोडायचं नाही. कायम."

अप्पांचा हात थांबला. ते काय हिशोब करत होते ते तिला कळलं, कारण तोच हिशोब ती करत होती. अठ्ठ्याहत्तर आणि कायम.

"मग रोज आठला खाली येत जा," ते म्हणाले आणि पुढचा भांग पाडला. "एकही दिवस चुकवू नकोस."